वर्ख, निखारे आणि उंट

सोन्याचा वर्ख लावायचा तर खोलीतला पंखा बंद करावा लागतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बोट लागले तरी तो चुरगळतो, फुंकर मारली तर उडतो. सोन्याचा वर्खही तसाच. वाऱ्याची एक झुळूक आली की पान हातातून निसटते. म्हणून खिडकी लावायची, पंखा थांबवायचा, श्वासही बेताने घ्यायचा आणि मग ब्रशच्या टोकाने ते पान नक्षीवर ठेवायचे.

आता हेच काम राजस्थानातल्या बिकानेरमध्ये, भर उन्हाळ्यात, रोजा धरून करायचे आहे असे समजा. रमजानचा महिना चंद्राप्रमाणे चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे-जूनमध्ये आला होता. त्या दिवसांत थरच्या वाळवंटातल्या या शहरात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पहाटे सहेरी झाली की सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही आणि वर्खापुढे पंखाही नाही. इथल्या उस्ता कारागिरांच्या घरांनी असे अनेक रमजान पाहिले आहेत.

बिकानेर म्हटले की आपल्याकडे शेव आणि भुजिया आठवतात. बाजारात पाकीट मिळते, नाव तोंडात बसले आहे. पण हे शहर आणखी दोन-तीन गोष्टींनी ओळखले जाते. उंटाच्या चामड्यावरची सोनेरी नक्षी, निखाऱ्यांवरचे नृत्य आणि रात्र रात्र चालणारे खेळ-गाणे. या गोष्टी करणारे हात वेगवेगळ्या धर्मांचे आहेत आणि त्यांना पोसणारेही.

उस्ताद ते उस्ता

‘उस्ता’ हा शब्द ‘उस्ताद’वरून आला. मुघल दरबाराशी संबंध असलेल्या कलावंतांची घराणी बिकानेरच्या राजांनी आपल्याकडे बोलावली, वसवली, त्यांचे वंशज म्हणजे आजचे उस्ता. ही सुरुवात राजा रायसिंहाच्या काळात झाली असे सांगतात. रायसिंह हा अकबराचा सरदार. त्याच्याच काळात, १५८९ ते १५९४ या पाच वर्षांत, जुनागढ किल्ला उभा राहिला. हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. बाहेरून लाल दगड, कोरडा आणि करडा. आत अनूप महालात पाऊल टाकले की भिंती, कमानी, छत, सगळीकडे लाल आणि सोनेरी वेलबुट्टी. बादल महालात भिंतींवर ढग रंगवलेले आहेत, त्यातून वीज चमकते, पावसाच्या धारा पडतात. जिथे पाऊस क्वचित येतो तिथे राजाने तो भिंतीवर रंगवून घेतला.

मुसलमान कलावंत आणि हिंदू राजा यांच्यातले नाते किती जवळचे होते हे एका चित्रावरून कळते. राजा करणसिंहाला स्वप्नात लक्ष्मी-नारायणाचे दर्शन झाले. ते स्वप्न कागदावर उतरवण्याचे काम त्याने अली रझा या चित्रकाराला दिले. सुमारे १६५० सालचे हे चित्र आज वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. राजाने आपल्या मनातला देव एका मुसलमान उस्तादाला सांगितला आणि उस्तादाने तो ऐकून रंगवला. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. पुढच्या पिढीत रुक्नुद्दीन हा बिकानेरचा मोठा चित्रकार झाला. त्याच्या हातून रसिकप्रिया आणि रागमालेची चित्रे उतरली.

शहरातल्या भांडासर जैन मंदिरातही उस्तांचे काम आहे. तांबड्या दगडाच्या या जुन्या मंदिराच्या पायात पाण्याऐवजी तूप ओतले होते, अशी कथा इथला प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. कथा खरी-खोटी कशीही असो, आतल्या भिंतींवर आणि घुमटावर तीर्थंकरांच्या कथा रंगवणारे हात उस्तांचे होते, ही गोष्ट मात्र खरी.

कर्णपुऱ्याचा धागा

मराठी वाचकाला बिकानेर दूरचे वाटेल, पण धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची मोठी यात्रा भरते. हा कर्णपुरा ज्याच्या नावाने वसला तो बिकानेरचा हाच राजा करणसिंह. शेजारच्या पदमपुऱ्याला त्याच्या मुलाचे, पदमसिंहाचे नाव आहे. करणसिंह मुघलांच्या बाजूने दख्खनच्या मोहिमांवर होता. पुढे बादशहाची मर्जी गेली, शेवटचे दिवस त्याने औरंगाबादेत काढले आणि १६६९ साली तिथेच त्याचा मृत्यू झाला. लक्ष्मी-नारायणाचे स्वप्न पाहणारा राजा मराठवाड्याच्या मातीत मिसळला.

त्याचा मुलगा अनूपसिंहही दख्खनमध्येच लढत राहिला आणि १६९८ साली अदोनी इथे वारला. लढाईच्या धामधुमीतही त्याला ग्रंथांचा आणि कलेचा नाद होता. दख्खनमधून त्याने हस्तलिखिते बिकानेरला पाठवली. त्याच्या नावाचे संस्कृत ग्रंथालय त्यातूनच उभे राहिले. धातूच्या मूर्तीही पाठवल्या. जुनागढातल्या तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात त्या आहेत. राजाबरोबर चित्रकारही छावणीत असत. त्यांनी विजापूर-गोवळकोंड्याची चित्रे पाहिली, तिथले रंग, तिथली झाडे, तिथली नाजूक रेषा उचलली. म्हणून बिकानेरची जुनी चित्रे राजस्थानातल्या इतर चित्रांपेक्षा वेगळी दिसतात. त्यांच्यात दख्खनचा अंश आहे.

कुप्पीवरची नक्षी

राजवाडे बांधून झाले, भिंती रंगवून झाल्या. मग उस्तांचा हात लहान वस्तूंकडे वळला. त्यातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे उंटाच्या चामड्याची कुप्पी. अत्तर, तेल, तूप ठेवायला वाळवंटात अशा कुप्प्या वापरत. काच फुटते, मातीचे भांडे उंटाच्या पाठीवर टिकत नाही, चामडे टिकते. मातीचा साचा करायचा, त्यावर भिजवलेले, तासून पातळ केलेले चामडे ओढून बसवायचे आणि वाळू द्यायचे. चामडे कडक झाले की आतली माती फोडून तोंडातून काढून टाकायची. उरते ती हलकी, पोकळ कुप्पी. उजेडासमोर धरली तर तिच्यातून प्रकाश दिसतो. हे काम परंपरेने दबगर समाजाचे.

कोरी कुप्पी मग उस्ताच्या हाती येते. आधी कागदावर नक्षी काढतात, तिच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडतात आणि वरून कोळशाची पूड फिरवून नक्षी चामड्यावर उतरवतात. आपल्याकडच्या बायका रांगोळीचा छापा वापरतात, तसेच काहीसे. मग बारीक मातीची पूड आणि डिंक यांचे मिश्रण ब्रशने नक्षीवर चढवतात. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. फुले, पाने, वेली हळूहळू पृष्ठभागावरून उठून येतात. या उठावाच्या कामाला मुनव्वत म्हणतात. त्यावर वर्ख बसतो आणि शेवटी रंगाच्या केसासारख्या बारीक रेषा ओढल्या की नक्षी उजळते. थर वाळण्याची घाई करता येत नाही. घाई केली तर भेग पडते. सब्र म्हणजे धीर, हा रोज्याचा पहिला धडा. उस्ता तो बारा महिने गिरवतो.

विसाव्या शतकात राजे गेले, दरबार गेले आणि ही कला संपते की काय अशी वेळ आली. तिला नव्याने मान मिळवून दिला हिसामुद्दीन उस्ता यांनी. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे शिकवणे. बिकानेरला उंटाच्या चामड्यावरच्या कामाचे सरकारी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तिथे त्यांनी मुले घडवली. पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या घराबाहेरच्यांनाही मोकळी झाली. घराण्याचे गुपित घराण्यातच ठेवणारे उस्ताद पुष्कळ असतात. देऊन टाकणारे थोडे.

निखाऱ्यांची वाट

बिकानेरात कलेचा हंगाम थंडीत असतो. जानेवारीत उंट उत्सव भरतो. जुनागढासमोरून सजवलेल्या उंटांची मिरवणूक निघते. गळ्यात गोंडे, पायात घुंगरू, पाठीवर झूल. काही उंटांच्या अंगावरचे केस कातरून त्यात फुले, पक्षी, माणसे, बारीक जाळी अशी चित्रे काढलेली असतात. उंटाचे अंग हाच कॅनव्हास. ढोलाच्या ठेक्यावर उंट नाचतात, पुढचे पाय उचलतात. हस्तकलेचे स्टॉल लागतात, त्यात उस्तांच्या कुप्प्या असतात. मंचावर घूमर असते, कालबेलियांच्या काळ्या घागऱ्यांचे गरगर फिरणारे नृत्य असते. त्या कालबेलिया नृत्याला २०१० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

पण लोक थांबतात ते रात्रीच्या अग्निनृत्यासाठी. हे नृत्य जसनाथी सिद्धांचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जसनाथजींनी या भागात छत्तीस नियमांचा पंथ घालून दिला. बिकानेरजवळचे कतरियासर हे त्यांचे स्थान. तिथे रात्री जागरण होते. आधी नगाऱ्यावर सबद गायले जातात. लाकडांचा मोठा ढीग पेटून त्याचे निखारे होतात. मग पांढऱ्या कपड्यांतले, डोक्याला पागोटे बांधलेले पुरुष ‘फतै फतै’ म्हणत त्या निखाऱ्यांत शिरतात. कोणी पायाने निखारे उडवतो, कोणी तोंडात धरतो, कोणी नांगर चालवल्याचा आविर्भाव करतो. शेतकऱ्यांचा पंथ, म्हणून नाचातही शेत आहे.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला यात अनोळखी वाटावे असे काही नाही. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड होमखणातून चालत जातात. आपल्या कितीतरी गावांत मोहरममध्ये अलावा पेटतो आणि त्याभोवती हिंदू-मुसलमान दोघेही असतात. विस्तवासमोर माणूस सगळीकडे एकच गोष्ट करतो, कुणाचे तरी नाव घेतो आणि पाय पुढे टाकतो.

उत्सवाच्या मंचावर मात्र या नृत्याचा अर्धा भाग गळतो. जागरण नाही, सबदही थोडकेच, उरतात ते निखारे आणि मोबाइलचे कॅमेरे. कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. पाहणाऱ्याला ती कसरत वाटते. ज्यांच्यासाठी ती उपासना आहे त्यांच्या मनाला हे टोचत असणार. पण त्यांच्या परंपरेची ओळख बाहेरच्या जगाला झाली ती याच मंचावरून, हेही खरे.

तरावीह आणि रम्मत

बिकानेरच्या जुन्या शहरात चौकाचौकांत मोठे लाकडी पाट मांडलेले असतात. त्यांना पाटाच म्हणतात. आपल्याकडे गावात पार असतो, तसे. संध्याकाळ झाली की म्हातारे-तरुण तिथे बसतात, पत्ते, बुद्धिबळ, राजकारण, सगळे पाट्यावर. होळीच्या आधीच्या रात्रींत याच चौकांत रम्मत होते. रम्मत म्हणजे गाणे, नाच आणि संवादांचे लोकनाट्य. रात्री उशिरा सुरू होते, सूर्य वर येईपर्यंत चालते.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी होळी रमजानमध्ये आली. म्हणजे एकाच शहरात एकीकडे तरावीहची नमाज, रमजानमध्ये रात्री पढली जाणारी जादा नमाज, आणि दुसरीकडे नगाऱ्याच्या तालावर रम्मत. पहाटे एका घरातला माणूस सहेरीसाठी उठतो, तेव्हा दुसऱ्या घरातला अजून झोपलेलाच नसतो.

या शहराचा आवाज कोणता, असे विचारले तर जुनी माणसे अल्लाह जिलाई बाईंचे नाव घेतील. १९०२ साली जन्मलेल्या या गायिका लहान वयातच महाराजा गंगासिंहांच्या दरबारात आल्या. उस्ताद हुसैन बक्श यांच्याकडे गाणे शिकल्या आणि अच्छन महाराज यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली. हे अच्छन महाराज म्हणजे बिरजू महाराजांचे वडील. ‘केसरिया बालम’ ही मांड आज राजस्थानच्या प्रत्येक हॉटेलात पाहुण्यांसमोर गायली जाते, ती देशभर पोहोचली त्यात त्यांच्या आवाजाचा मोठा वाटा आहे. गंगासिंहांच्या निधनानंतर दरबार संपला आणि आकाशवाणीने तो आवाज घरोघरी नेला. १९८२ साली पद्मश्री, १९९२ साली निधन, २००३ साली टपाल तिकीट. राजस्थान परदेशी पाहुण्याचे स्वागत ज्या गाण्याने करते, ते एका मुसलमान बाईच्या गळ्यातून सगळ्यांचे झाले.

टाळ्या आणि पोट

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची. पुढची काळजीची आहे.

बिकानेरची नक्षी, नाच, उत्सव, सगळे उंटावर उभे आहे आणि उंटच कमी होत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत अडीच लाखांच्या आसपास उरले. नांगराला ट्रॅक्टर आला, गाड्याला टेम्पो आला, चराईची जमीन आटली. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली त्याची कत्तल व राज्याबाहेर नेणे यावर कायद्याने बंधने घातली. हेतू वाचवण्याचा होता. पण राज्याबाहेरचा गिऱ्हाईक तुटल्याने उंटाला भाव राहिला नाही, अशी पाळणाऱ्या राईकांची तक्रार आहे. ज्या जनावरातून घर चालत नाही ते कोण आणि किती दिवस पाळणार? बिकानेरातच १९८४ पासून उंटावरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथे उंटिणीच्या दुधापासून आइस्क्रीमपर्यंत प्रयोग होतात, ते याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

उस्तांनी आपला मार्ग काढला. चामड्याबरोबर लाकूड, काच, संगमरवर यांवरही ते नक्षी काढतात. पण सोन्याचे काय करणार? सोन्याचा भाव वाढला की वर्खाचा वाढतो आणि वस्तूची किंमत गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर जाते. मग बाजारात सोनेरी रंग फासलेली नक्कल येते. लांबून दोन्ही सारख्याच चमकतात. काही वर्षांनी रंग काळवंडतो, सोने तसेच राहते. पण प्रदर्शनात उभ्या असलेल्या माणसाकडे काही वर्षे नसतात, पाच मिनिटे असतात. त्या पाच मिनिटांत तो स्वस्त वस्तू उचलतो.

२०२३ साली बिकानेरच्या उस्ता कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास गोव्याच्या मानकुराद आंब्याला आणि बेबिंकालाही मिळाले. आता दुसरीकडच्या कोणी हे नाव लावून माल विकला तर कायद्याने अडवता येईल. ही मोठी गोष्ट आहे. पण मानांकन नक्कल अडवू शकते, मागणी आणू शकत नाही. पूर्वी राजाकडून वर्षभराचे काम मिळे. आज उत्सवाच्या तीन दिवसांचे स्टॉल आणि अधूनमधून लागणारी प्रदर्शने मिळतात. बाकीच्या दिवसांचे काय, हे मुलगा बापाला विचारतो. बापाकडे उत्तर नसेल तर मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला लागतो. त्याला दोष देता येत नाही. एक पिढी तुटली की हात तुटतो, आणि हा हात पुस्तक वाचून परत येत नाही.

कष्टाचा मोबदला पूर्ण आणि वेळेवर द्यावा, अशी इस्लामची शिकवण आहे. खरे तर ती सगळ्याच धर्मांची आहे. कारागिराच्या स्टॉलवर आपण काय करतो? कपाळाला आठ्या घालून भाव पाडतो. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मात्र गप्प बसतो. प्रदर्शनाला जाणे, फोटो काढणे, टाळ्या वाजवणे यात काही वाईट नाही. पण कलावंताचे घर टाळ्यांवर चालत नाही. मोठी कुप्पी परवडत नसेल तर लहानशी डबी घ्यावी, तेही जमत नसेल तर निदान करणाऱ्याचे नाव विचारावे आणि चार जणांना सांगावे. राजे-महाराजे गेले. त्यांच्या जागी आता गिऱ्हाईक आहे.

३ मे २०२२ या दिवशी देशभर रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकत्र आल्या. बिकानेरला त्या दिवसाचे महत्त्व आणखी आहे. राव बिकाने १४८८ साली वसवलेल्या या शहराचा स्थापना दिवस आखातीजेलाच धरून साजरा होतो. घरोघरी खिचडा आणि चिंचेचे गार सरबत, आणि भर उन्हात गच्चीवर पतंग. त्या वर्षी ईदगाहवरून परतलेली मुले शेवया खाऊन गच्चीवर चढली, तेव्हा शेजारच्या गच्च्या आधीच भरलेल्या होत्या. वाऱ्याची वाट सगळेच पाहत होते. वर्ख लावताना ज्याला खिडकीबाहेर ठेवावे लागते, तोच वारा त्या दिवशी सगळ्यांना हवा होता.